किशनच्या गाडीत माझं काय?

किशन गेल्याची बातमी मला नामदेवनं सांगितली, आणि दोन महिने होत आले तरी मला तेच खुपतंय. किशनचं घर बोरीत, माझ्या कापडाच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं. नामदेव तिकडं ताडकळसला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. पण त्या सकाळी किशन एकटाच परभणीला गेला, वाटेत छातीत कळ आली, आणि दवाखान्यातल्या कुणीतरी त्याच्या मोबाइलवरचा शेवटचा नंबर लावला. तो निघाला नामदेवचा. मी गिऱ्हाइकापुढं साड्या पसरून बसलो होतो. "दिगंबरराव, किशनभाऊ गेले हो," एवढंच बोलून नामदेव फोनवर रडायला लागला. पहिलीपासून किशनच्या शेजारी बसलेला मी, आणि धीर द्यायचा मी नामदेवला… माझा जळफळाट झाला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तेराव्यालाही लोक त्याच्याच पाठीवरून हात फिरवत होते.

किशनला एकच वेड होतं. जिंतूरकडच्या टेकड्यांवर, जिथं शेळीसुद्धा बघून पाय टाकते, तिथं दगडांवरून चढणारी गाडी घरीच बांधायची, आणि तीही सगळी जुन्या सामानाची. सांगाडा एका गंजलेल्या जीपचा, टायर ट्रॅक्टरचे, बाकी मिळेल तसं. नवं काही लावायचं नाही, हा त्याचा नियम. "नवं घिऊन कुणीबी बांधंल, दिग्या. तेला काय अक्कल लागती?" असं म्हणायचा. मग आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर सेलूचं भंगार धुंडाळायचो, पूर्णेकडची गावं पालथी घालायचो. येताना मी मागं, मांडीवर कधी रेडिएटर, कधी स्टिअरिंगचा दांडा, उजव्या हातानं कवटाळलेला. डावा हात माझा खांद्याच्या वर जात नाही. लहानपणी चिंचेवरून पडलो, हाड वाकडं बसलं, ते बसलंच. खुंटीला सदरा अडकवायलाही मला उजवाच लागतो.

कुणाच्या परसात मोडकी गाडी दिसली, तरी किशन लगेच सामान मागायचा नाही. मयताच्या घरी बसावं तसा ओट्यावर बसायचा. "कधी बंद पडली? शेवटची कुठं गेली व्हती?" मालक आधी तुटक बोलायचा, मग खुलायचा. याच जीपमधून नवरी आणली, यातूनच बाप दवाखान्यात नेला, असं एकेक निघायचं, चहा व्हायचा, आणि शेवटी मालकच म्हणायचा, "न्या की, पडूनच हाय." मला अर्धा मीटर कापड उधार मागणाऱ्यालाही नाही म्हणता येतं. किशनला कुणी नाही म्हणालेलं मी पाहिलं नाही. याचाही मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

ज्यानं जे दिलं, त्याचं नाव त्या वस्तूला. गाडीखाली उताणा पडून तो ओरडायचा, "दिग्या, गिरजामावशी सरकव जरा," की मी गिरजामावशीच्या बंद गिरणीची पुली पुढं करायची. मेंढ्या राखणाऱ्या बिरूनं दिलेली साखळी म्हणजे 'बिरू'. आणि पुढचा एक्सल म्हणजे 'नामदेव'. "नामदेव लय दणकट हाय, नामदेवशिवाय ह्या गाडीत जीव न्हाई," असं किशन दिवसातून चारदा बोलायचा. लोखंडाबद्दल बोलतोय हे कळत होतं मला. तरी दर वेळी मी हातातला पाना आपटायचोच. अख्ख्या गाडीत माझ्या नावाचं काही नव्हतं. कापडाच्या दुकानात लोखंड कुठून येणार? शेवटी एकदा विचारलंच, "किशा, ह्यात माझं काय हाय रे?" तो खो-खो हसला. "तुजं? इंजिनाला परकर शिवू का?" सीटला चांगलं जाड कापड देतो म्हणालो, तर तेही नको. नवं लावायचं नाही ना!

पहिला चढ चढायचा दिवस आला, तेव्हा मी दुकान बंद ठेवून गेलो. इस्त्रीचा सदरा घातला होता. किशननं मला खालीच उभं केलं. "तू थांब. तुजी सोय न्हाई झाली आजून." शेजारच्या सीटवर बसला नामदेव, डाव्या हातानं डोक्यावरचा पाइप धरून, नवरदेवासारखा. गाडी दगडामागून दगड चढत गेली, लोक ओरडत होते, मी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. घरी येऊन जेवलोही नाही. पुढं लग्नसराई आली, दुकानात गर्दी झाली, आणि मी त्या निमित्तानं त्याच्या शेडकडं फिरकलोच नाही. तेवढ्यात तो गेला…

परवा किशनच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, आम्हाला बोलावलं. गाडी चालू करून ठेवा म्हणाल्या. नामदेव ग्राइंडर घेऊनच आला होता. शेजारच्या सीटजवळ, डाव्या बाजूला अगदी खाली, मांडीलगत एक हँडल वेल्डिंग केलेलं होतं. पहिल्या चढाच्या वेळी ते नव्हतं. "हे कुणाच्या कामाचं?" नामदेव म्हणाला. "नुसता गुडघा आपटायलाय. अन् ह्याचा पाइप बघा, नवा कोरा. किशनभाऊला काय झालं व्हतं, काय म्हाईत." वहिनी म्हणाल्या, "मागल्या खेपेला परभणीहून आणला त्यांनी. सारखं त्या सीटवर बसायचे, डावा हात असा पोटाशी धरायचे अन् खडूनं खूण करायचे. हात दुखायलाय का म्हणून इचारलं, तर नुसतेच हसले."

मी सीटवर जाऊन बसलो. डावा हात खाली सोडला, तो न शोधता त्या हँडलवर पडला.

"कापू का?" नामदेवनं विचारलं.

"राहू दे."

"पर कशाला?"

"राहू दे म्हणलं ना!"

कारण मी त्याला सांगितलं नाही. आता हे वाचून कळेल, तर कळू दे. हल्ली दुकान लवकर बंद करून मी शेडमध्ये जातो, त्या सीटवर बसतो, हँडल धरतो. कधी नामदेवही येतो आणि गाडी बाहेर काढायच्या आधी, मी उठलो की, त्याच सीटवर बसून बघतो. गाडी त्याच्या एक्सलवर चालते, हे मला मान्य आहे. पण बसताना त्याचा गुडघा हँडलवर आपटतो, तो कळवळतो… आणि मला फार बरं वाटतं.