कौसाबाईचा टेकू

जुना नाल कुणी फेकून देत नाही, खिळ्याला अडकवून ठेवतो. आमच्या अड्ड्यावरच्या गोष्टींचंही तसंच आहे. पाथरीच्या एसटी स्टँडबाहेर आता तीनच टांगे उरलेत: माझा, बशीरभाईचा आणि कौसाबाईचा. रिक्षावाले गिऱ्हाईक पळवतात, आम्ही बसल्या बसल्या किस्से जमवतो. त्यातले निम्मे कौसाबाईचे.

*

कौसाबाईच्या नवऱ्यानं, गणपतनं, घोडा विकला आणि भाडं मारायला जुनी जीप घेतली. टांगा दारात तसाच पडला. बाई येलदरीकडे माहेरी गेली आणि भावाकडून हरणी नावाचं तट्टू घेऊन आली. तट्टू एवढुसं, की बशीरभाईचा घोडा हरणीच्या पाठीवरून पलीकडचं सगळं बघायचा.

गणपत अड्ड्यावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "पावसाळ्यापत्तुर बघतो. न्हाई चाललं तर टांगा भंगारात घालतो आन् तट्टू बाजारात."

टांगा जुंपायला आमच्याकडे दोघं लागतात. एकानं दांड्या उचलून धरायच्या, दुसऱ्यानं घोडं मागं सारत दांड्यांच्या मध्ये आणायचं. गणपत हसून म्हणाला, "आन् दांड्या कोण धरील? माझ्याबिगर तुझं तट्टू गाडीत शिरायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाई बाभळीचा बेचकं असलेला टेकू घेऊन आली. दांड्या टेकूवर ठेवल्या आणि हरणीला "मागं, बाई, मागं" म्हणत आत घेतलं. बशीरभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "महादू, अपनी तो छुट्टी हो गई रे."

*

पण टांगा उंच घोड्याचा. हरणीला जुंपला की दांड्या पुढं खाली झुकायच्या, सगळं वजन तिच्या पाठीवर यायचं आणि गिऱ्हाईक घसरत घसरत पुढं. एक आजी तर देवळापर्यंत बाईच्या गळ्यात हात टाकून बसली होती. वरून घोड्याचा साज तट्टाला मोठा. छातीचा पट्टा वर चढून गळ्याशी यायचा आणि हरणी खोकायची. रिक्षावाले म्हणायचे, "हिला दमा हाय, ॲम्ब्युलन्स बोलवा!"

बाईनं पट्टा कापून खाली घेतला, खोकला थांबला. मग ती टांगा घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेली आणि मोठी चाकं काढून टाकली. परत आली ती बुटक्या टायरांवर. दांड्या सरळ, हरणीची पाठ मोकळी, गिऱ्हाईक जागच्या जागी.

मी विचारलं, "चाकं कुठली गं?"

"ह्यांच्या जीपची. जुनी काढून अंगणात टाकली व्हती," ती म्हणाली. "जीपनं माझं घोडं नेलं, म्या तिची चाकं घेतली. फिट्टंफाट."

*

टांग्यात पुढची, हाकणाऱ्याशेजारची जागा मानाची. एकदा एक पुढारी कार्यकर्ते घेऊन आले. अंगानं भक्कम. थेट पुढं चढून बसले. हरणीनं कान मागं टाकले.

"सायेब, मागं बसा," बाई म्हणाली. "पुढं वजन लय झालंय."

कार्यकर्ता तापला. "सायेब कोण हायेत, म्हाईत हाय का?"

"म्हाईत हाय की. पर हरणीला न्हाई ना."

साहेब मुकाट्यानं मागं बसले, मागच्या रस्त्याकडे तोंड करून. सगळा बाजार त्यांना नमस्कार करत होता आणि ते उलटे उलटे चालले होते. उतरताना म्हणाले, "अशी सभा कधी झाली न्हाई." गणपतला मात्र हे कळलं तेव्हा त्यानं अड्ड्यावर येऊन थयथयाट केला. "पावसाळा तोंडावर आलाय, ध्यानात ठेव," म्हणाला. बाई हरणीचा पोटपट्टा तपासत होती. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, असं बघत होती. तिनं मान वर केली नाही. मला तेव्हा त्याचा खरंच राग आला होता.

*

आणि मग ती दुपार. आभाळ भरून आलं होतं. मी आणि कौसाबाई गावाबाहेर भाडं सोडून रिकामे परतत होतो. चढाच्या पायथ्याशी गणपतची जीप उभी, बॉनेट उघडं, त्यातून वाफ निघतेय. शेजारी परगावची भाविक मंडळी, बहुतेक म्हाताऱ्या बाया, आणि पावसाचे थेंब सुरू.

बाईनं टांगा थांबवला, जाड्या आज्या मागं बसवल्या, किडकिडीत एक पुढं. उरलेल्या मी घेतल्या. गणपत मेकॅनिक आणायला गावात यायचा होता, तो तिच्या टांग्याच्या पायरीवर पाय ठेवायला गेला.

"चढ हाय," बाई म्हणाली. "धडधाकट माणसानं चढाला पायी चालायचं. माझ्या गाडीचा नियम हाय." आणि ती स्वतःही खाली उतरली, लगाम धरून हरणीच्या बरोबरीनं चालायला लागली.

गणपत मागं मागं चालत राहिला, आपल्याच जीपच्या जुन्या चाकाशेजारी. चढ संपला तरी त्यानं बसू का म्हणून विचारलं नाही, तिनंही बस म्हटलं नाही. स्टँडवर पोचलो तेव्हा तो नखशिखांत भिजला होता. रिक्षावाले सगळे बघत होते.

आज्या उतरल्या. बाई हरणीला सोडायला लागली. साजाचे पट्टे सुटले तसा गणपत पुढं आला, आणि न सांगता दोन्ही दांड्या हातात धरून उभा राहिला.

बाईनं सीटखालून टेकू काढला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "टेकू हाय."