नव्या तिकिटाचा कोपरा

उमरग्यात दर रविवारी दुपारी मी आणि माझी मैत्रीण टपालाची नवी जमवलेली तिकिटं एकमेकींना दाखवायचो. तिच्याकडं निजामाच्या काळातली लई होती, मी जळायचे. मग तिच्या वडिलांची हैदराबादला बदली झाली. तिथून तिचं पाकीट आलं, त्यावर नवं, मोरपंखी तिकीट! पत्र वाचायच्या आधीच मी तो कोपरा कापून परातीतल्या पाण्यात टाकला. तिकीट सुटलं, पाणी निळं झालं. मग पत्र उघडलं. शेवटी लिहिलं होतं, "नवा पत्ता पाकिटाच्या मागं, तिकिटाच्याच कोपऱ्यात लिहिलाय. लगेच उत्तर दे."

ती मानी. उत्तर न आल्यावर पुन्हा कशाला लिहील? ते तिकीट अजून वहीत आहे. तिला दाखवायचं राहिलंय.