लॅमिनेट केलेली कादंबरी

मी माझ्या कादंबरीचा आराखडा लॅमिनेट करून घेतला. कादंबरी तेव्हा निम्मीही लिहून झालेली नव्हती.

शनिवार पेठेत आमच्या घराखालीच झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदाराने तो भलामोठा कागद उलटसुलट करून पाहिला. बेचाळीस चौकोन, प्रत्येकात एक प्रकरण, चार रंगांची शाई.

"काका, यात नंतर काही बदल करायचे असले तर?"

"बदल होणार नाहीत."

"म्हणजे बसचं वेळापत्रक नाही तर," तो म्हणाला आणि मशीन तापत ठेवलं. मी दोन प्रती करून घेतल्या. एक माझ्या भिंतीवर लावायला आणि एक थोरल्या भावाला द्यायला. दुसरी प्रत केली नसती तर कदाचित एवढं बिघडलं नसतं.

त्याआधी मी ही कादंबरी कशी लिहीत होतो ते सांगायला हवं, कारण मला लाज वाटली ती त्याचीच.

दादा विश्रांतवाडीला मुलाकडे राहतो. साखरेने त्याची नजर जवळजवळ नेलेली, त्यात बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग एवढंच त्याचं फिरणं उरलं. मुलगा आणि सून सकाळीच हिंजवडीकडे निघतात. दिवसभर त्याच्याजवळ वाशीमकडच्या एक ताई असतात. मी सेवानिवृत्त, म्हणजे आमच्या घरच्यांच्या मते रिकामा, म्हणून दर गुरुवारी मनपाच्या बसस्टॉपवरून बस पकडून दुपारी दादाकडे जाऊन बसायचं असं ठरलं.

पहिल्या दोन गुरुवारी त्याची साखर, माझं ब्लडप्रेशर, हयात नातेवाईक आणि मग गेलेले नातेवाईक असं सगळं बोलून झालं. तिसऱ्या गुरुवारी बोलायला काही उरलं नाही. पंखा फिरत होता. ती शांतता सोसेना म्हणून मी म्हणालो, "दादा, आपला टायपिंग क्लास आठवतो?"

"हं."

"समज, परीक्षेच्या दिवशी सकाळी क्लासला कुलूप. मास्तर गायब. आणि सगळ्या मुलांची हॉल तिकिटं मास्तरांच्या खिशात."

"असं कधी झालं?"

"झालं नाही. समज म्हणतोय."

"हं," दादा म्हणाला आणि उशी पाठीशी घेऊन नीट बसला.

बस्, एवढीच माझी कादंबरी लिहिण्याची पद्धत. मास्तर कुठे गेले हे मला ठाऊक नव्हतं. बसमध्ये मी मुद्दाम विचार करायचो नाही, खिडकीबाहेर बघायचो. दादासमोर बसलो की तोंड उघडायचं आणि काय बाहेर येतं ते आम्ही दोघांनीही ऐकायचं. त्याला धड दिसत नसल्यामुळे त्याचा सगळा जीव कानात आला होता. त्याचा 'हं' लांबला म्हणजे गाडी रुळावर आहे. 'हं' आखूड पडला की मी घाईने एखादं नवं माणूस आत सोडायचो. डावखुरी, भांडकुदळ विद्यार्थिनी अशीच एका आखूड 'हं'मधून आली आणि पुढे अर्धी कादंबरी खाऊन बसली. शुक्रवारी सकाळी दात घासायच्या आधी मी आदल्या दिवशीचं सगळं लिहून काढायचो. अशी सोळा प्रकरणं झाली. खोटं कशाला सांगू, बरी झाली होती. दादा गुरुवारची वाट बघतो असं पुतण्या फोनवर सांगायचा आणि मी ते माझ्या प्रतिभेच्या खात्यात जमा करून टाकायचो.

मग मला वाटलं की आता आपण लेखक झालो. आणि लेखक झालो म्हटल्यावर शिबिराला जायला हवं.

कादंबरीलेखनाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मार्गदर्शक माझ्या पुतण्याच्या वयाचा, प्रत्येक वाक्यात 'स्ट्रक्चर' म्हणणारा. त्याने सांगितलं, लेखक दोन प्रकारचे असतात. एक आधी नकाशा काढतात, दुसरे वाट फुटेल तिकडे निघतात. मी हात वर केला. आयुष्यभर जिथे गप्प बसायचं तिथेच माझा हात वर झालेला आहे.

"आणि जे लिहायच्या आधी कुणाला तरी सांगत बसतात ते?" मी विचारलं.

"काका, त्यांना कीर्तनकार म्हणतात," तो म्हणाला.

सभागृह हसलं. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. हसताना मात्र मनात काहीतरी वाकडं झालं. सांगतसांगत सुचणं म्हणजे गावगप्पा, असं मला एकदम वाटायला लागलं. खरं तर मला हे मनात धरायचं कारण नव्हतं. पण मी नोकरीची सगळी वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढलेली. वेळापत्रकं लावणं हीच एक गोष्ट मला लोक विचारायला यायचे. घरी येऊन मी कागद अंथरला, पट्टी घेतली आणि मास्तरांना चौकोनांत बसवायला घेतलं. तीन आठवड्यांत बेचाळीस चौकोन भरले. मास्तर का गेले, तर तरुणपणी दुरावलेली मुलगी शोधायला. कुठे गेले, तर चौकोन एक्केचाळीस: नर्मदाकाठ, आत्मशोध. चौकोन बेचाळीस: सूर्योदय. माझं मलाच भरून आलं.

पुढच्या गुरुवारी मी तक्ता गुंडाळून विश्रांतवाडीला गेलो आणि दादाला तो पहिल्या चौकोनापासून शेवटच्या चौकोनापर्यंत वाचून दाखवला. एका बैठकीत. सतरापर्यंत तो 'हं' म्हणत होता. पुढे म्हणायचा थांबला. मला वाटलं, भारावला.

"म्हणजे संपली?" त्याने विचारलं.

"नाही रे, आता लिहायला घेणार."

"कशाला?"

मी हसलो. तो हसला नाही.

"आणि त्याला मुलगी कुठली?" तो म्हणाला. "त्याचं लग्नच झालेलं नाही. गोष्टीच्या दुसऱ्या का तिसऱ्या गुरुवारी तूच म्हणालास, डबा खानावळीतून यायचा."

"ते बदलू."

"बदल की. प्लास्टिकमध्ये घातलंयस ना?" त्याने बोटाने त्या कागदाची कड चाचपली. "मग आता गुरुवारी काय करायचं आपण?"

हा प्रश्न मी तेव्हा नीट ऐकला नाही. ऐकला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. मी म्हणालो, आता मला शांतता लागेल, थोडे दिवस यायला जमणार नाही, आराखडा तयार आहे तर सपाट्याने लिहून काढतो. तो म्हणाला, "बरं. मी कुठे जाणार आहे." मी ते परवानगी म्हणून घेतलं.

'थोडे दिवस' म्हणजे आठ महिने. विश्रांतवाडी काही विलायत नाही. सिग्नल धरून पाऊण तास. मी मोजून तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा कादंबरी कशी अडलीय हेच सांगितलं.

कारण ती अडली होती. सतरावं प्रकरण मी तक्त्यात ठरवल्याबरहुकूम लिहिलं. मास्तर उठले, मास्तर निघाले, मास्तरांना मुलगी आठवली. पाच वेळा लिहिलं. बायकोला वाचायला दिलं. तिने चष्मा लावला, दीड पान वाचलं, चष्मा काढला.

"अहो, हे प्रकरण आहे की परिपत्रक?"

"का?"

"शेवटी 'विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी' एवढंच राहिलंय."

मग मी म्हटलं, तू बस समोर, तुला सांगतो. ती बसली. पण तिचं आणि माझं लग्न होऊन इतकी वर्षं झालीत, की माझं वाक्य कुठे संपणार हे तिला माझ्या आधी कळतं. दहा मिनिटांनी म्हणाली, "शेवटी सापडतो ना तो? मग तेवढं सांगा, मला कुकर लावायचाय." मी मोबाइलवर बोलून बघितलं. मोबाइल सगळं टिपून घेतो, पण आखूड 'हं' म्हणत नाही, त्यामुळे आपण रटाळ झालोय हे आपल्याला कळतच नाही. एक तास चाळीस मिनिटं मी रटाळ होतो. पुरावा अजून फोनमध्ये आहे.

तेव्हा कुठे मला मान्य करावं लागलं, की मी सांगत सुटणारा माणूस आहे. चौकोन भरणं मला नोकरीपुरतं येत होतं, गोष्ट मात्र मला तोंडातूनच सुचते आणि तीही समोर ऐकणारा असेल तर. कीर्तनकार तर कीर्तनकार. पद्धत हलकी नव्हती, ती मला हलकी वाटली एवढंच. हे एकदा कबूल केल्यावर मला इतकं मोकळं वाटलं, की मी भिंतीवरचा तक्ता उतरवला, कपाटामागे सारला आणि त्याच गुरुवारी बस पकडली. दादा आनंदाने उडी मारेल अशी माझी खात्री होती. खुबा मोडलेला माणूस उडी मारेल अशी खात्री बाळगणारा मी.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दादा बोलत होता. मी चपला काढताकाढता थांबलो.

"...तर मास्तर गेले कुठेच नाहीत. मंडईत लिंबं विकायला बसले."

"मंडईत? अन् कोनी ओळखलं नाई काय त्यायले?" ताईंचा आवाज.

"कसं ओळखणार? मास्तरांचा नियमच होता, मान वर, नजर कागदावर. बोटांकडे बघायचं नाही, इकडे तिकडे बघायचं नाही. दोन-दोन वर्षं पोरं आली आणि गेली, पण मास्तरांचं तोंड कुणी धड बघितलेलंच नव्हतं."

"अगं माय! मंग?"

"पण मास्तर त्यांना ओळखायचे. बोटांवरून. लोक लिंबू दोन बोटांनी दाबून बघतात ना? यांच्या पोरांची दहाही बोटं लिंबांवर आपापल्या जागी पडायची. ती डावखुरी आली एक दिवस. तिची करंगळी अजून चुकत होती. मास्तरांच्या अगदी ओठावर आलं, करंगळी, करंगळी! पण बोलले असते तर आवाजावरून सापडले असते."

"मंग बोलले का?"

"थांबा, पाणी द्या आधी."

मी एका पायात चप्पल घेऊन उभा होतो. सोळा प्रकरणांत मला असलं काही सुचलं नव्हतं. आधी वाटलं, काय हे सुंदर. लगेच वाटलं, माझे मास्तर आहेत. आणि तिसरं वाटलं ते हे, की तो इथे आठ महिने काय करत असेल हा विचार मी एकदाही केला नव्हता. या क्रमाने वाटलं, हे लिहून ठेवतो. तिसरं पहिलं वाटायला हवं होतं.

मी आत गेलो. टेबलावर माझा तक्ता होता, त्याच्यावर भाजीचं पातेलं. लॅमिनेशन चांगलं झालं होतं, डाग पडत नव्हता.

"ये," दादा म्हणाला. "काय म्हणतो सूर्योदय?"

"दादा, मी सोडलं ते सगळं. आपण पहिल्यासारखं करू. मी सांगतो, तू ऐक."

"सांग."

मी मांडी घालून बसलो. मास्तर मंडईत बसलेत, तिथून पुढे सुरू केलं. म्हणालो, डावखुरी लिंबं घेऊन वळते आणि मास्तर तिला हाक मारतात.

दादाचा 'हं' आलाच नाही. ताईंनी त्याच्याकडे बघितलं.

"नाही मारणार," दादा शांतपणे म्हणाला. "तो असा माणूस नाही."

"बरं, मग तू सांग. पुढे काय झालं? मी लिहून घेतो. नाव तुझंही घालू."

"नाव नको घालूस." त्याने पाण्याचा पेला चाचपत टेबलावर ठेवला. "आणि लिहूही नकोस. तुझ्याकडे नर्मदा आहे. हे आमचं राहू दे."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर भांडता आलं असतं. लहानपणी त्याने सायकलवर डबलसीट घेऊन मला त्या क्लासला नेलं होतं, ते काढून चार अश्रू तरी ढाळता आले असते. त्याने माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी केली. मी त्याच्या साखरेची केली. मग आम्ही हयात नातेवाइकांकडे वळलो. ताई भाजी निवडत गप्प बसून राहिल्या, बसस्टॉपवर चुकीची बस आल्यावर माणसं बसतात तशा. मी घड्याळात बघून उठलो तेव्हा दादाच्या तोंडावर जी सुटका दिसली, ती नजर नसलेल्या माणसाला लपवता येत नाही.

ताई मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, काहीतरी समजुतीचं बोलतील. मी म्हणालो, "आता दर गुरुवारी येत जाईन."

"येत जा ना जी भाऊ, भाऊच हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "पन चार वाजल्यानंतर येत जा. तुमी मधात बोलले का गोष्ट बिघडून जाते."