दादाने विचारलं होतं, "ॲम्ब्युलन्स आहे ना?"

माझा भाऊ वेगामुळे गेला नाही. खोट्यावर विश्वास ठेवून गेला.

आणि ते खोटं त्याच्यापर्यंत मी पोचवलं.

आज वर्ष झालं. आता तरी लिहिते.

ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: अनिरुद्ध, माझा मोठा भाऊ. मणिकर्णिकेजवळच्या दुर्गाघाटावरचं आमचं मराठी घर. बाबा पाठशाळेत व्याकरण शिकवायचे. दादा बँकेत. आणि रविवारी बाइक रेसिंग.

हौशी रेसिंग. बक्षीस म्हणजे एक कप आणि फेसबुकवर फोटो. रिंग रोडचा एक तुकडा अजून सुरू झाला नव्हता, तिथे आमचा क्लब शर्यती घ्यायचा. मी स्टॉपवॉच घेऊन टायमिंग बघायचे.

दादाला सगळे मास्टरजी म्हणायचे. हा माणूस स्टार्ट लाइनवर दुसऱ्यांचे ग्लव्ह्ज तपासायचा. कुणाच्या हेल्मेटचा पट्टा सैल दिसला की स्वतः ओढून घट्ट करायचा, वर ओरडायचा.

क्लब चालवायचे राजन भैया. दादाचे दहा वर्षांचे दोस्त. भाऊबीजेला मी त्यांनाही ओवाळायचे.

आधी एंट्री फी पाचशे होती. त्यात ना डॉक्टर, ना ॲम्ब्युलन्स. एकदा एकाचा पाय मोडला, त्याला ऑटोत आडवं घालून नेलं. पुढच्या मीटिंगमध्ये दादा उभा राहिला. "फी तिप्पट करा, पण ॲम्ब्युलन्स उभी पाहिजे. ती नाही तर रेस नाही."

सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. राजन भैया मात्र हो म्हणाले. नवीन फॉर्मवर तसं छापलंसुद्धा. दादाने तो फॉर्म बाबांना आणून दाखवला, शाळेतली मुलं मार्कशीट दाखवतात तसा.

त्या रविवारी शेवटची रेस, दादाची, साडेदहाला होती. पण झेंडा दाखवायला येणारे पाहुणे नऊऐवजी साडेअकराला आले. मग हार, भाषणं, फोटो. दादाची रेस लागेपर्यंत एक वाजून गेला.

सगळे लाइनवर उभे. दादाने मला हाक मारली.

"चिमे, ॲम्ब्युलन्स दिसत नाहीये गं. जरा विचारून ये."

मी स्टेजपाशी गेले. राजन भैया माइकवर होते. माइकवर हात ठेवून म्हणाले, "है भाई, पंडाल के पीछे खड़ी है. छाँव में लगवाए हैं."

मी मांडवामागे जाऊन बघितलं नाही.

परत आले. "आहे दादा. मांडवामागे."

"बघितलीस?"

"राजन भैया म्हणाले."

"मग ठीक आहे."

आणि त्याने हेल्मेटची काच खाली केली.

तिसऱ्या फेरीत वळणावर वाळू होती. गाडी घसरली, दादा फरफटत डिव्हायडरवर आदळला. शुद्धीत होता. "पोटात दुखतंय," एवढंच म्हणाला.

मी मांडवामागे धावले. तिथे जेवणाची पातेली होती. बस्स.

बाइक वाहून न्यायच्या पिकअपमध्ये त्याला घातलं. जाममधून हॉस्पिटलला पोचायला पन्नास मिनिटं लागली. वाटेत त्याने एकच विचारलं, "बाकीच्यांची रेस थांबवली ना?"

"हो," मी म्हटलं.

थांबवली नव्हती. ते मला नंतर कळलं.

डॉक्टर म्हणाले, आत रक्तस्राव झालाय, थोड़ा पहले ले आते. संध्याकाळी दादा गेला.

मणिकर्णिकेवर सगळ्यात जास्त राजन भैया रडले. "ड्राइवर बिना बताए भाग गया," म्हणाले. मी विश्वास ठेवला. उलट मीच त्यांचा हात धरून बसले.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, कार्यक्रम बारा वाजता संपला, त्यानंतर अनिरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर गाडी चालवत होता.

"बाबूजी, बस साइन कर दीजिए. नहीं तो क्लब बंद हो जाएगा. अनिरुद्ध का सपना था."

बाबांनी कागद दोनदा वाचला. आयुष्यभर एकेका शब्दावर बोट ठेवून शिकवलेला माणूस.

"बारह ही क्यों लिखा, राजन? साढ़े बारह क्यों नहीं?"

राजनने सही न झालेला कागद उचलला. चहाही न घेता उठला.

मी त्या ड्रायव्हरला शोधून काढलं. तो म्हणाला, "मैडम, हमारी बुकिंग बारह तक थी. हम तो पूछे थे, और रुकें? राजन भैया बोले, जाओ."

म्हणजे मला सावलीची गोष्ट सांगताना राजनला सगळं माहीत होतं.

मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. त्या दिवशी तिथे बावीस रायडर होते. दादाने ज्यांचे पट्टे घट्ट केले ते. एकही आला नाही. मला क्लबच्या ग्रुपमधून काढलं. कुणी म्हणालं, जाने दो दीदी, अब क्या फ़ायदा.

आणि गेल्या आठवड्यात पोस्टर आलं. 'अनिरुद्ध स्मृती ट्रॉफी', आजच्याच तारखेला. दादाचा हसरा फोटो, खाली हात जोडलेला राजन. एंट्री फी आहे. ॲम्ब्युलन्सची ओळ नाही.

मी ते पोस्टर बाबांपासून लपवलं. त्यांना आधीच कुणीतरी पाठवलं होतं.

परवा सलीम घरी आला. त्या रेसमध्ये तो दादाच्या मागे होता. बाबांच्या पायाशी बसला. मग म्हणाला, "बाबूजी, एम्बुलेंस को जाते हमने देखा था. फिर भी लाइन पर खड़े हो गए. हम बयान देंगे."

मला त्याचा राग आला. खूप. हे एक वर्ष आधी का नाही? बाबांनी मात्र त्याला जेवायला बसवलं.

काल त्याने जबाब दिला. आजच्या शर्यतीची परवानगी थांबली आहे. कदाचित पुढच्या महिन्यात पुन्हा मिळेलही. मला माहीत नाही.

दादा, राजनला मी माफ करणार नाही. स्वतःलाही अजून जमलेलं नाही.

पण आज त्या रस्त्यावर तुझ्या नावाने कुणी पडणार नाही. एवढंच जमलं रे.

सुखाने जा.

बाबांचा आशीर्वाद आणि तुझ्या चिमीचा नमस्कार.