भोंग्यातून न आलेला दिगंबर

रविवार, २ मार्च २००३. सायंकाळी पाच वाजता आष्टीच्या बाजारतळावर माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची, शोकसभा सुरू झाली. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईत हृदयविकाराने तो गेला. वय चव्वेचाळीस. सभेची कल्पना माझी नव्हती. गावचे जुने पुढारी आणि आमचे दूरचे चुलते नारायणराव आदल्या दिवशी घरी आले, ते हार, फोटो, वक्ते सगळे ठरवूनच. माझ्याकडून त्यांना केवळ दिगंबरच्या वादनाची एक कॅसेट हवी होती. "भोंग्यावर लावू नका," मी म्हणालो. "गुरुजी, बाजारतळावर भोंग्याबिगर कसं व्हायचं? तुम्ही कॅसेट द्या, बाकी आम्ही बराबर करतो." मी कॅसेट दिली. भोंग्याला माझा विरोध का होता, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. चौदा वर्षांपूर्वी भोंग्यावर जे घडले, तेव्हा ते हजर होते.

दिगंबर बेस गिटार वाजवत असे. चार जाड तारांचे हे वाद्य गाण्याला पुढे येऊ देते आणि स्वतः खाली राहते. आपल्या भाषेत सांगायचे तर खर्जाचे वाद्य. १९८१ साली तो जालन्याच्या एका ऑर्केस्ट्रात साधी गिटार वाजवायला गेला. तिथला बेसवाला ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर सोडून गेला, म्हणून ते वाद्य याच्या गळ्यात आले आणि मग उतरले नाही. दोन वर्षांनी तो मुंबईला गेला. आमचे वडील, बापू, शेती सांभाळून गावच्या भजनात पखवाज वाजवत. मुलगा वाजवतो याचे त्यांना वावडे नव्हते. जे वाजवतो ते ऐकू येत नाही, याचे होते. "तू वाजवतोस ते मला घावत न्हाई," असे ते सरळ म्हणत. मुंबईत दिगंबर एका गोवेकर सॅक्सोफोनवादकाच्या चमूत स्थिरावला. जाझ आणि फंक यांच्या मिश्रणाचे संगीत ते लोक वाजवत. त्यात बेसला दुय्यम स्थान नसते, चाल तीच ठरवते, हे त्याने मला अनेकदा समजावले. या चमूचे तीन अल्बम निघाले. तिन्हींवर तो आहे. ते फारसे खपले नाहीत, त्याची खंत त्याने कधी बोलून दाखवली नाही. बापूंनी एकदा तरी ते ऐकावे, एवढेच त्याला हवे होते.

पहिला अल्बम १९८९ साली आला, आणि त्याच महिन्यात आमच्या चुलत बहिणीचे लग्न होते. आमच्याकडे घरात काही चांगले घडले की ते लग्नाच्या मांडवात भोंग्यावर वाजलेच पाहिजे. पोराच्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा लोक भोंग्यावरून पुकारतात. बापूंनी कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि थेट लाऊडस्पीकरवाल्याकडे निघाले. दिगंबर मागे धावला. "बापू, भोंग्यावर नका लावू. घरात ऐका, माझ्याजवळ बसून." बापू म्हणाले, "घरात ऐकायला काय चोरी केली का? सगळ्या गावाला कळू दे." लिंबाच्या झाडाला बांधलेला तो पत्र्याचा कर्णा. माणसाचा गळा आणि सनईची धार त्यातून दोन कोसांवर जाते, खर्ज मात्र कर्ण्यातच मरतो. कॅसेट लागली. सॅक्सोफोन आला, झांजा आल्या. दिगंबर आला नाही.

पंगतीला बसलेल्यांनी माना वर केल्या. "ही पिपाणी कोन वाजवून राह्यलं?" कोणी विचारले. बापू अभिमानाने सांगू लागले, तेवढ्यात दिगंबरने खरे सांगितले, की ते आमचे गोव्याचे साहेब. "मंग तू कुठं हाईस यात?" बापूंनी विचारले. "खाली हाव, बापू." "खाली म्हंजे कुठं?" यावर नारायणराव पत्रावळीवरून न उठता म्हणाले, "अहो, पोरगं वाजवायला गेल्तं का पेट्या उचलायला, ते तर इचारा आधी!" मांडव हसला. वधूपिताही हसला. बापूंनी स्वतः जाऊन कॅसेट बंद केली आणि ती दिगंबरच्या हातात न देता माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून गावात दिगंबरचे नाव 'मुकी गिटार' पडले. बापूंसमोर ते कोणी उच्चारत नसे, पण बापूंना ते ठाऊक होते... अशा गोष्टी ज्याच्यासाठी असतात त्याच्यापर्यंत बिनचूक पोहोचतात.

१९९३ साली दुसरा अल्बम घेऊन तो आला, तेव्हा सोबत जालन्याहून टेम्पोत घालून एक लाकडी पेटी आणली. सुताराकडून मापाने करून घेतलेली, कमरेएवढी उंच. आत परातीएवढा स्पीकर. मधल्या खोलीत ती ठेवून त्याने कॅसेट लावली. भिंतीवर स्टीलची मांडणी होती, तिच्यातल्या ताटल्या किणकिणू लागल्या. मी ऐकले आणि मला पहिल्यांदाच कळले, की हा माणूस दहा वर्षे काय करत होता. सॅक्सोफोन जिथे जाईल तिथे त्याच्या पायाखाली जमीन नेऊन ठेवण्याचे ते काम होते. दिगंबरचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते दाराकडे होते. बापू ओसरीवर, दारातून मांडणी दिसेल अशा जागी बसून होते. बऱ्याच वेळाने उठून आत आले. मांडणीच्या खालच्या फळीवर पाण्याचा पितळी तांब्या असे. आवाजाच्या हादऱ्याने तो सरकत कडेला आला होता. बापूंनी तो मागे सारला, "भांडी पडतील," म्हणाले आणि बाहेर गेले. "दादा, ऐकलं असंल का रे त्यांनी?" दिगंबरने मला विचारले. "त्यांना विचार," मी म्हणालो. त्याने विचारले नाही. त्याचा स्वभाव त्याच्या वाद्यासारखाच होता.

तिसरा अल्बम १९९८ चा. तोही त्याच पेटीवर वाजला, बापू तसेच ओसरीवर, तांब्या तसाच मागे सारलेला. पारावर कोणी विचारले तर बापूंचे उत्तर ठरलेले होते, "आपल्याला त्यातलं काई ऐकू येत न्हाई." पुढच्या वर्षी ते गेले. दिगंबरने दहावे केले, पेटी माझ्याकडे ठेवली आणि मुंबईला परतला. नंतर तो वाजवत राहिला, पण अल्बम निघाला नाही. मी एकदा कारण विचारले. "आता कुणासाठी काढायचा, दादा?" एवढेच तो म्हणाला.

शोकसभेत नारायणराव अध्यक्ष होते. दिगंबरने आष्टीचा आवाज मुंबईत घुमवला, असे ते म्हणाले. त्याच्यासारखा कलावंत शंभर वर्षांत होत नाही, असे दुसरे एक जण म्हणाले, ज्यांनी त्याला कधी ऐकले नव्हते. मग कॅसेट लागली आणि सर्वांनी उभे राहून माना खाली घातल्या. भोंग्यातून सॅक्सोफोन आला, झांजा आल्या. हार घातलेल्या फोटोसमोर सगळा बाजारतळ गोव्याच्या एका हयात माणसाला श्रद्धांजली वाहत होता. नारायणराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दिगूचा हात काय फिरून राह्यला, गुरुजी!" "तो दिगंबर नाही." "मंग दिगू कुठं हाय?" "खाली," मी म्हणालो. त्यांना काही आठवले नाही. मी व्यासपीठावरून उतरलो, कॅसेट काढून घेतली आणि घरी आलो. मागे कोणीतरी आभार मानू लागले होते.

पत्नी मधल्या खोलीत होती. मी पेटीवरचे कापड काढले, तेव्हा सवयीने म्हणालो, "तो तांब्या आधी आत ने, पडेल." ती जागची हलली नाही. "ऱ्हाऊ द्या तिथंच. भाऊजी पेटीवर कॅसेट लावायला बसले की मी त्यो सैपाकघरात नेऊन ठेवायची. मामंजी पुन्हा आणून फळीवर ठेवायचे. अगदी कडंला. एकदा मी म्हन्लं, पडंल ना तो, तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, त्यो हालला की मला कळतं पोरगं कुठं हाय ते."

"हे तू दिगंबरला सांगितलेस?"

"मामंजींनी कुणाला सांगू नको म्हन्लं व्हतं."

मी कॅसेट लावली. पहिली बाजू पूर्ण ऐकली. ताटल्या किणकिणल्या. तांब्या सरकत सरकत कडेपर्यंत आला. मी उठलो आणि तो मागे सारला.