शेषरावांच्या वळणावर

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या पायात नवेकोरे बूट होते आणि मांडीवर शेषरावांच्या वहीची प्रत. शेषराव वेरूळचे, रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेले मजूर. वेरूळच्या डोंगरापासून कन्नडच्या दिशेने जाणारी दोन दिवसांची पाऊलवाट त्यांनी बायको गयाबाईंच्या सोबतीने कुदळ-पहार चालवून बांधली होती, आणि रोजचं काम वहीत लिहून ठेवलं होतं. त्या वहीचं पुस्तक करायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रवासवर्णनं लिहितो, म्हणून मला यातलं कळतं असा प्रकाशकांचा समज आहे. मी तो कधी दूर केला नाही.

वाटेतल्या एका वळणाबद्दल शेषरावांनी सहा पानं लिहिली होती. पहिलं पान वाचून मी सहाही पानांवर लाल काट मारली आणि त्यांना फोनवर कळवलं. ते शांतपणे म्हणाले, "आधी चालून बघा सर, मग काट मारा."

वेरूळच्या स्टँडवर ते मला घ्यायला आले. पायात टायरच्या चपला. माझ्या बुटांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, कौतुकानेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगर चढलो. शेषराव दर थोड्या अंतरावर थांबून वाटेवरच्या आडव्या चरांतली माती फावड्याने काढत होते. पाण्याला बाहेर पडायला जागा दिली की ते वाट खात नाही, असं त्यांनी समजावलं. मी जाणकारासारखी मान हलवली. तोवर ते चर रानडुकरांनी उकरलेत असं समजून मी त्यांवरून उड्या मारत होतो.

दुपारी भाकरी-ठेचा खाऊन उठलो तर ते प्रसिद्ध वळण आलं. वाट उताराला लांबलचक वळसा घालून खाली जात होती. खालचं टोक समोर दिसत होतं. शेषराव वळणाने निघाले. मी सरळ. चार पावलांत मुरूम सरकला, मी बसलो आणि बसल्या बसल्याच निघालो. एका बोरीने मला अडवलं. पॅन्ट फाटली, घोटा मुरगळला.

शेषराव माझ्यापर्यंत आले, घोटा दाबून पाहिला आणि उपरण्याने बांधला. मग उताराकडे बघत म्हणाले, "गयाचा पाय इथंच मोडला. दगड घेऊन उतरत व्हती. तवा वाट सरळच व्हती. मीच काढली व्हती, लवकर उरकायची घाई."

त्यांच्या खांद्यावर हात टाकून मी लंगडत परतलो. माझा दोन दिवसांचा प्रवास अर्ध्या दिवसात आटोपला.

घरी गयाबाई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, एक पाय ताठ. सुनेने येसराची आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाची) वाढली. गयाबाईंनी मी कुठं पडलो ते विचारलं. मी वळणाचं सांगितलं.

"बोरीला बोरं आलीत का?"

त्या बोरीच्या अंगावर मी चांगला पाच मिनिटं पडून होतो. पण सांगता येईना.

"खालच्या फांदीला आलीत," शेषराव म्हणाले. "हिरवी हायेत अजून."

गयाबाईंनी समाधानाने मान हलवली. त्या पडल्यापासून डोंगरावर गेलेल्या नाहीत. शेषराव रोज संध्याकाळी वही वाचून दाखवतात, आणि वाचताना एखादा दगड सुटला तर त्या मध्येच थांबवून विचारतात, असं सुनेने मला सांगितलं.

परतीच्या एसटीत सुजलेला पाय सॅकवर ठेवून मी ती सहा पानं पहिल्यांदा पूर्ण वाचली. कुठं पाय ठेवायचा, कुठं झाड, कुठं दम घ्यायचा, सगळं होतं. गयाबाई त्या पानांवरून रोज डोंगर चढून उतरतात. माझ्या पुस्तकांवरून आजवर कुणी कुठं पोचल्याचं ऐकिवात नाही.