जानेफळच्या शाळेतलं सोपारा

आमच्या ह्यांचं अर्धं चित्त संसारात आणि अर्धं सोपाऱ्यात. सोपारा म्हणजे मुंबईजवळचं प्राचीन बंदर, दोन हजार वर्षांपूर्वी जिथून गलबतं अरबस्तानाकडे जायची, ते. ह्यांनी ते कधी पाहिलेलं नाही. अहो, समुद्रच पाहिलेला नाही! जानेफळच्या शाळेत इतिहास शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण "एकदा जाऊन तरी या" म्हटलं की उत्तर तयार, "वासंती, तिथे आता वर इमारती आहेत. मला खोदू कोण देणार?"

म्हणून शाळेमागे दरवर्षी खड्डा. तळाशी पैनगंगेची वाळू आणि आमच्या लेकीने, मधुवंतीने कोकणातून आणलेले शिंपले, वर खापरं, मग राख, मग पिवळी माती. मुलांनी एकेक थर हलक्या हाताने खरवडत बंदरापर्यंत पोचायचं. ह्यापायी माझ्या घरात जुना टूथब्रश टिकला नाही, आणि लोणच्याची बरणी फुटली की हे खूश!

यंदा निवृत्ती आली. नवे सर असल्या फंदात पडणारे नव्हते, तेव्हा हीच शेवटची तुकडी. निरोपाची भाषणं उरकली की मुलांनी खोदायचं, असं ठरलं. आदल्या दिवशी खड्ड्यात थर रचून, सुतळ्या ताणून हे शीळ घालत घरी आले.

सकाळी मीही सोबत गेले. बघते तर खड्डा गायब! जमीन चोपून सपाट, वर शेणाचं सारवण आणि मधोमध रांगोळीचं कमळ. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शालूबाई बाजूला कौतुकाने उभ्या.

"शालूबाई, अहो काय करून बसलात हे?" माझा आवाज चढलाच.

"काऊन? सरायले निरोप देताना आवारात खड्डा ठेवतेत का? अपशकुन होते. काल संध्याकाळीच माती टाकून सारवलं. खोदाचं ते उद्या खोदा ना."

उद्या! उद्यापासून ह्यांना वर्ग कुठला? ह्यांचा चेहरा पाहून शालूबाई चरकल्या. "चुकलं का हो माह्यं?" म्हणाल्या, आणि डोळे भरून आले.

शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, ह्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. मला वाटलं, आता असेच घरी येणार. पण उठले आणि मुलांना घेऊन थेट मागे गेले.

"सांगा, सगळ्यात वरचा थर कोणता?"

"शेणाचा!" पोरं फिदीफिदी हसली.

"हसू नका. त्यावरून काय कळतं?"

करिष्मा नावाची मुलगी वाकली. सारवणात उमटलेल्या बोटांच्या कमानींवर तिने आपली बोटं ठेवून पाहिली. "सर, बाईचा हात हाये. अन् बाई शेवटाले दमली असन. इकडच्या कमानी लहान लहान झाल्या."

ह्यांनी चष्मा काढला. "सोपाऱ्याला सोनं सापडलं," म्हणाले, "पण असा हात कुणाला सापडला नाही." सगळ्या पोरांसमोर रडले हो! मलाही राहवलं नाही.

खुरपी कोणी उचलेना. रांगोळी मोडायची कोणी?

शालूबाईंनी पदर खोचला आणि त्या कमळाशी येऊन बसल्या. "सरका बे पोट्टेहो! पार समुद्रापावतर जायचं हाये ना?" म्हणाल्या, आणि आपल्याच सारवणावर पहिली खुरपी त्यांनी चालवली.